लिंकनमध्ये अडीच दिवस: बर्डची चार आवाजांची मिस्सा

शुक्रवार

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून लिंकनला थेट गाड्या आहेत, पण मोजक्याच. ती वेळ जुळली नाही तर न्यूअर्क नॉर्थगेटला उतरून लिंकनची छोटी गाडी धरायची. कसंही गेलात तरी प्रवास साधारण दोन तासांचा. न्यूअर्कजवळ ट्रेंट नदी लागते. रॉबर्ट पार्सन्स हा राणीच्या चॅपल रॉयलमधला, म्हणजे राजदरबाराच्या प्रार्थना-गायनवृंदातला गायक आणि रचनाकार जानेवारी १५७२ मध्ये इथेच बुडून गेला. त्याच्या रिकाम्या जागेवर पुढच्याच महिन्यात रचनाकार विल्यम बर्डची नेमणूक झाली. तोवर नऊ वर्षं बर्ड लिंकन कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादक आणि बालगायकांचा शिक्षक होता. या शनिवार-रविवारच्या गायनशिबिराला लिंकन निवडण्याचं कारण हेच.

स्थानक गावाच्या खालच्या भागात आहे आणि कॅथेड्रल टेकडीच्या माथ्यावर. मधल्या रस्त्याचं नाव स्टीप हिल, आणि चढ जवळपास सातास एक. चाकांची बॅग त्या दगडी फरशीवर ओढू नये. पाठीवरची पिशवी बरी, नाहीतर टॅक्सी. चढून आल्या आल्या गायला उभं राहिलं की श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो आणि पहिल्या सत्रात सगळे सूर थोडे उतरलेले लागतात. म्हणून पोहोचण्याची वेळ चारची आणि पहिलं सत्र साडेपाचला. बेलगेट भागातल्या सभागृहात लाकडी जमीन, उंच छत, पण पडदे किंवा गालिचा नाही. अशीच खोली हवी. गालिच्याच्या खोलीत प्रत्येकाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि तो जोर लावू लागतो.

सोळा गायक, म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस (उंच आवाजाकडून खालच्याकडे) यांचे प्रत्येकी चार. या संगीतासाठी हा आकडा उत्तम. एका ओळीवर, म्हणजे एका आवाजाच्या चालीवर, दोनच जण असले की सूर जुळवणं सर्वांत अवघड होतं, कारण दोन आवाजांतला बारीक फरकही उघडा पडतो. तीन किंवा चार झाले की ओळ मिसळते आणि आळीपाळीने श्वास घेता येतो. एकेकटं गाणं त्याहून सोपं जातं, पण ते धाडस शनिवारी दुपारी.

कार्यक्रमात रचना एकच: बर्डची चार आवाजांची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठराविक प्रार्थनांना दिलेलं संगीत, १५९२-९३ च्या सुमारास छापलेली. पूर्ण गायली तर जेमतेम पंचवीस मिनिटांची. अशा शिबिरांत आठ-दहा मोटेट (छोट्या लॅटिन धर्मगीतरचना), वर एखादी चाळीस आवाजांची रचना असा भरगच्च बेत आखण्याचा मोह असतो. त्यात रविवारपर्यंत सगळं नुसतं वाचून होतं, गाऊन काहीच होत नाही. पंचवीस मिनिटांच्या संगीताला दोन दिवस दिले तर प्रत्येक गायकाला उरलेल्या तीन ओळीही कानाने पाठ होतात, आणि या संगीताची खरी गंमत तिथेच सुरू होते.

पहिल्या सत्रात मिस्सा उघडायचीच नाही. आधी तयारीसाठी बर्डचंच ‘आवे वेरुम कॉर्पुस’. छोटं, संथ, चारही आवाज बरेचदा एकत्र शब्द उच्चारणारं. त्यात दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या. पहिली उच्चारांची. लॅटिन इटालियन पद्धतीने म्हणायची की सोळाव्या शतकातल्या इंग्रजी पद्धतीने, हे पहिल्या अर्ध्या तासात पक्कं झालं पाहिजे. नाहीतर अर्धे ‘आन्युस’ म्हणतात, अर्धे ‘आग्नुस’, आणि रविवारपर्यंत तो वाद सुरू राहतो. आम्ही इटालियन ठेवली: ‘पाचेम’, ‘चेलिस’, ‘आन्युस’. मराठी बोलणाऱ्यांना इथे थोडा फायदा आहे. आपला दंत्य ‘त’ इटालियन ‘त’च्या जवळ जातो, हवा सोडत नाही. आपले ए आणि ओ सरळ असतात, तर इंग्रज गायकाच्या तोंडी ‘ओ’ शेवटी ‘उ’कडे घसरतो आणि त्याबरोबर सूरही. आपली अडचण ‘फ’ची. ‘फिलिउस’मधला फ ओठ मिटून हवेच्या झोताने नाही, तर खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढायचा.

दुसरी गोष्ट मींडेची. हिंदुस्थानी संगीतात तयार झालेल्या गळ्याला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवायची सवय असते. एकट्या गायनात ते सौंदर्य आहे. चार ओळी एकमेकींत विणलेल्या असताना तीच मींड शेजारच्या ओळीचा प्रवेश झाकून टाकते. सूर सोडायचा आणि पुढचा थेट धरायचा. यावर चांगला सराव म्हणजे शब्दांऐवजी ‘नू’वर पूर्ण ओळ गाणं, कारण प्रत्येक नव्या सुराला जीभ हलवावी लागते.

शनिवार

सकाळी साडेनऊला सुरुवात. पाऊण तास प्रत्येक आवाज वेगळ्या खोलीत, मग सव्वा तास एकत्र. सव्वा तासाहून लांब सत्र नको. कानाची एकाग्रता गळ्याच्या आधी संपते. प्रत्येकाकडे दोन मऊ पेन्सिली आणि अर्धा लिटर पाणी. पेन नको, कारण श्वासाच्या जागा दिवसातून तीनदा बदलतात.

आल्टोंचा प्रश्न लगेच समोर येतो. बर्डच्या काळात ही ओळ पुरुष गात, आणि ती खाली बरीच उतरते. आल्टोमध्ये स्त्रिया असतील तर छापील पट्टीत खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि नेमकं तिथेच त्यांच्याकडे महत्त्वाचा प्रवेश असतो. उपाय दोन: एखादा उंच टेनर आल्टोत बसवायचा, किंवा सगळी मिस्सा एक स्वर वर न्यायची. त्या काळी सुराची ठराविक उंची नव्हतीच. गाणारे जमतील तशी पट्टी धरायची, त्यामुळे वर नेण्यात काही अपराध नाही. आम्ही एक स्वर वर नेली. मात्र निर्णय सकाळीच घ्या. दुपारी पट्टी बदलली की ज्यांना अचूक स्वरस्मृती आहे त्यांचे हाल होतात.

मिस्सेचा पहिला भाग ‘किरिए’ संपता संपता ट्यूनिंग फोर्क (ठराविक सूर देणारा धातूचा चिमटा) वाजवून पाहिला तर सगळे पाव स्वर खाली. हे जवळपास प्रत्येक गटात होतं आणि त्याची कारणं दोन प्रकारची आहेत. पहिलं साधं: उतरणारी पायरी गरजेपेक्षा मोठी पडते, चढणारी लहान, आणि एकच सूर पुन्हा पुन्हा आला की प्रत्येक वेळी तो थोडा बसतो. दुसरं गणिताचं. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो, म्हणजे ३८६ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पेटीवरचा ४०० सेंट, चौदा सेंटने चढा. ज्याने पेटी आणि तंबोरा दोन्ही ऐकलं आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. विनासाथीचा गायनवृंद चांगला असेल तर आपोआप शुद्ध गंधाराकडे जातो. पण प्रत्येक स्वरसंघात (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) शुद्ध अंतरं धरत काही ठराविक स्वरसंघांची साखळी गायली की परत षड्जावर येताना तो षड्ज ८१:८० इतका, म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंट खाली सापडतो. गाणारे चुकलेले नसतात, अंतरांची बेरीजच जुळत नाही.

म्हणून ‘जास्त वर गा’ अशी सरसकट सूचना निरुपयोगी आहे. उपयोगाचं हे: वाक्याच्या शेवटच्या, स्थिर स्वरसंघात गंधार शुद्ध ठेवा, वाटेतल्या झटपट स्वरसंघांत त्याचा हट्ट धरू नका. बेसने पंचम आणि षड्ज खांबासारखे उभे ठेवायचे. त्याने खाली उडी मारताना जरा जरी जास्त खाली गेलं तर उरलेले तिघे निमूटपणे त्याच्यामागे जातात. आणि दोन ओळींत समान असलेला सूर, म्हणजे जो सूर आल्टो सोडते आणि टेनर उचलतो, तो मुद्दाम थांबून जुळवून घ्यायचा. मिस्सेत अशा पाच-सहा जागा पेन्सिलीने गोल केल्या की दुपारपर्यंत घसरण निम्मी होते.

छापील प्रतीत काही सुरांच्या डोक्यावर बारीक तीव्र-कोमलाची चिन्हं दिसतात. ती संपादकाने सुचवलेली असतात, कारण मूळ छपाईत ती नेहमी दिली जात नसत आणि गायकाने स्वतः ओळखणं अपेक्षित होतं. इंग्लिश संगीतात मात्र एक खास गोष्ट आहे. एका ओळीत तीव्र सूर आणि दुसरीत त्याच क्षणी किंवा लगोलग तोच सूर शुद्ध. कानाला ते खटकतं आणि गायक आपसूक ‘दुरुस्त’ करतात. करू नका. तो ओरखडा बर्डला हवा आहे. दोन्ही ओळींना तो क्षण आधी फक्त दोघांत गाऊ द्या, म्हणजे कुणी घाबरून माघार घेत नाही.

दुपारी जेवणात लिंकनशायरची सेज घातलेली सॉसेज, शाकाहाऱ्यांना सूप, आणि चहाबरोबर इथला प्लम ब्रेड. पोटभर जेवून लगेच गाऊ नये. तासभर कॅथेड्रलभोवतालच्या मिन्स्टर यार्डमधून फिरून यावं. कॅथेड्रलची उभारणी १०७२ मध्ये सुरू झाली, ११८५ च्या भूकंपात बराच भाग पडला आणि ११९२ पासून बिशप ह्यूने ते नव्याने बांधायला घेतलं. मधल्या मनोऱ्यावरचा उंच कळस १५४८ मध्ये कोसळला, म्हणजे बर्ड इथे आला तेव्हा तो नव्हताच. १५६८ मध्ये त्याचं लग्न जवळच्या सेंट मार्गरेट चर्चमध्ये झालं. पुढच्याच वर्षी कॅथेड्रलच्या व्यवस्थापनाने त्याचा पगार काही काळ रोखला आणि नंतर ऑर्गन किती व केव्हा वाजवायचा यावर बंधनं घातली: मुख्यतः गायकांना सूर देण्यापुरता. त्या वेळचं कडवं प्रॉटेस्टंट वातावरण पाहता हे आश्चर्याचं नाही. आश्चर्य याचं की तो लंडनला गेल्यावरही रचना पाठवण्याच्या बोलीवर लिंकनने त्याला १५८१ पर्यंत पगाराचा काही भाग दिला.

ज्या मिस्सेसाठी आपण इथे जमतो ती मात्र या इमारतीसाठी लिहिलेली नाही. १५५९ नंतर इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा बेकायदा होती. १५८१ च्या कायद्याने प्रॉटेस्टंट चर्चला न जाणाऱ्यांचा दंड महिन्याला वीस पौंड झाला, आणि मिस्सा ऐकणाऱ्यालाही शंभर मार्क (त्या काळचं पैशाचं एकक) दंड आणि वर्षभर तुरुंगवास. बर्ड कॅथलिकच राहिला. त्याच्या तिन्ही मिस्सा मुखपृष्ठाशिवाय छापल्या गेल्या, मुद्रकाचं नाव नाही, साल नाही. पानांच्या माथ्यावर बर्डचं नाव मात्र छापलेलं आहे. त्या श्रीमंत कॅथलिक घरांच्या खोल्यांत, दार लावून, मोजक्या माणसांनी गाण्यासाठी होत्या. एसेक्समधलं इंगटस्टोन हॉल हे पीटर घराण्याचं घर, आणि बर्ड उतारवयात तिथून जवळच स्टॉन्डन मॅसीला राहायला गेला.

मराठी वाचकाला याच पिढीतला आणखी एक इंग्रज कॅथलिक ओळखीचा आहे. विल्टशरचे थॉमस स्टीफन्स इंग्लंड सोडून रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट झाले, १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून आलं. एकाने देशात राहून बंद खोलीसाठी लॅटिन मिस्सा लिहिली, दुसऱ्याने सासष्टीतल्या उघड्या समाजासाठी ओवी. बर्ड गाताना हे ध्यानात असलं की त्या घट्ट, दाबून धरलेल्या संगीताकडे बघण्याची नजर बदलते.

म्हणूनच दुपारचं सत्र चौकडींचं. सोळाचे चार गट, प्रत्येकात एक सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर, एक बेस. चार खोल्या, समोरासमोर उभं राहून, हातभर अंतर ठेवून मिस्सेतला ‘सांक्तुस’ हा भाग. त्याची सुरुवात बर्डने आधीच्या पिढीतला रचनाकार जॉन टॅव्हर्नरच्या ‘मीन मास’ या मिस्सेवरून घेतली आहे, आणि टॅव्हर्नर याच लिंकनशायरच्या बॉस्टन गावात १५४५ मध्ये वारला. चौकडीत मार्गदर्शक नसतो. सुरुवात करणारा श्वास घेतो आणि बाकीचे त्या श्वासावर येतात. वीस मिनिटांनी बेस गायक पुढच्या खोलीत, टेनर उलट दिशेने. असं दोनदा केलं की प्रत्येकाला वेगवेगळ्या कानांशी जुळवून घ्यावं लागतं, आणि आवाज आपोआप एक पायरी हलका होतो.

संध्याकाळी कॅथेड्रलमध्ये इव्हनसाँग, म्हणजे गायनासह होणारी सायंप्रार्थना. वेळ आधी पाहून घ्या. आणि ऑगस्टमध्ये बेत आखू नका, कारण तेव्हा कॅथेड्रलचे स्वतःचे गायक सुट्टीवर असतात आणि बाहेरचे पाहुणे वृंद गातात. प्रवेशाला पैसे नाहीत, धर्म कुणी विचारत नाही. पंधरा मिनिटं आधी गेलात तर गायकांच्या जवळच्या चौदाव्या शतकातल्या लाकडी आसनांवर बसायला मिळतं. गायक दोन बाजूंना समोरासमोर विभागलेले असतात आणि स्तोत्राच्या ओळी आलटून पालटून म्हणतात. इथे पाहण्यासारखं म्हणजे घुमण्याशी त्यांचं वागणं: वाक्य संपल्यावर ते पुढच्या ओळीची घाई करत नाहीत, दगडातून सूर परत येऊ देतात, आणि व्यंजनं आपल्याला वाटतात त्याहून कितीतरी आधी आणि स्पष्ट टाकतात. बर्डने दिवसा पगारासाठी याच प्रकारच्या सेवेचं इंग्रजी संगीत लिहिलं. सकाळी लॅटिन मिस्सा आणि संध्याकाळी हे ऐकलं की त्याच्या कामाच्या दोन्ही बाजू एकाच दिवसात समोर येतात.

रात्री जेवणानंतर पार्टबुकं. सोळाव्या शतकात चारही ओळी एकाखाली एक छापत नसत. प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका, तीत फक्त आपली ओळ. मात्रांच्या उभ्या रेघा नाहीत. मूळ छपाईच्या प्रतिमा कागदावर काढून चार-चार जणांनी टेबलाभोवती बसायचं. दिवा प्रत्येक टेबलाला स्वतंत्र हवा, कारण जुनी छपाई फिकी असते.

पहिला अडथळा किल्लीचा. स्वरओळींच्या सुरुवातीचं हे चिन्ह एक ठराविक सूर कुठल्या रेघेवर आहे ते सांगतं आणि ते ओळीच्या मध्येही बदलू शकतं. बदल नजरेतून सुटला की गायक शांतपणे दोन स्वर वर किंवा खाली गात राहतो. दुसरा अडथळा विरामांचा. सुरांच्या लांबीची त्या काळची नावं ब्रीव्ह, त्याच्या निम्मा सेमिब्रीव्ह, त्याच्या निम्मा मिनिम. रेघेला लटकणारी छोटी दांडी म्हणजे सेमिब्रीव्हचा विराम, रेघेवर उभी म्हणजे मिनिमचा, एक पूर्ण घर भरणारी म्हणजे ब्रीव्हचा, दोन घरं भरणारी म्हणजे त्याच्या दुप्पट. लांब विरामात मनात मोजत बसणारा हमखास चुकतो. हाताने टॅक्टस, म्हणजे ठेका, धरावा: एक सेमिब्रीव्हला हात खाली आणि वर, वेग शांत नाडीइतका. शेजाऱ्याच्या खांद्यावर बोट टेकवून धरला तर आणखी पक्का. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी खूण असते, ती पुढच्या ओळीचा पहिला सूर आधीच दाखवते. एकदा सवय झाली की आधुनिक प्रतीत ती नाही याचं वाईट वाटतं. शब्दांच्या जागी ‘ij’सारखी खूण दिसली तर आधीचे शब्द पुन्हा म्हणायचे. कुठल्या सुराला कुठलं अक्षर, हे गायकाने ठरवायचं.

गाडी रुळावरून उतरली की पुन्हा सुरू कुठून करायचं, हीच पार्टबुकातली सर्वांत मोठी डोकेदुखी, कारण कुणाच्याच पुस्तिकेत मात्रांचे क्रमांक नसतात. मार्गदर्शकाने आधुनिक प्रतीवरून प्रत्येक भागात पाच-सहा ठिकाणं निवडून चारही पुस्तिकांत अ, ब, क अशी अक्षरं आधीच लिहून ठेवावीत. ही तयारी केली नाही तर रात्रीचे दोन तास शोधण्यातच जातात. केली तर दहाच्या सुमारास ‘किरिए’ शेवटपर्यंत जातं, आणि बहुतेकांच्या लक्षात येतं की दिवसभरात ते इतकं नीट गायलं नव्हतं. रेघा नसल्याने कुणी पहिल्या मात्रेवर आघात देत नाही. शब्दाचा आघात ओळ पुढे नेतो.

रविवार

सकाळी ज्यांना प्रार्थनेला जायचं ते कॅथेड्रलमध्ये जातात. बाकीच्यांनी अकरापर्यंत आवाज वापरू नये. गरम पाणी, कमी बोलणं.

मग उरलेला सगळा वेळ मिस्सेच्या शेवटच्या भागासाठी, ‘आन्युस देई’साठी. प्रार्थना तीनदा येते. पहिल्यांदा फक्त सोप्रानो आणि आल्टो. दुसऱ्यांदा सोप्रानो, टेनर आणि बेस. तिसऱ्यांदा चौघेही. सुरुवातीचं द्वंद्व दोघींनीच गावं. तिथे आठ आवाज घातले की एकटेपणा जातो आणि चौघांच्या प्रवेशाचं वजनही हलकं होतं.

शेवटी ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हाला शांती दे. इथे बर्ड एकामागून एक लोंबते सूर रचतो. एक ओळ सूर धरून ठेवते, दुसरी सरकून त्याच्या शेजारच्या सुरावर येते, दोघांत ताण तयार होतो, आणि धरलेली ओळ एक पायरी उतरून तो सोडवते. तेवढ्यात तिसऱ्या ओळीने नवा ताण सुरू केलेला असतो. नेहमीच्या चुका तीन. ताणाचा क्षण आला की गायक घाबरून आवाज कमी करतो, आणि मग ताणच ऐकू येत नाही. उलट त्या क्षणाकडे हळूहळू झुकायचं आणि उतरल्यावर सोडायचं. दुसरी, उतरण्याच्या आधी श्वास घेणं. ताण आणि त्याची उकल यांच्यामध्ये श्वास कधीही नाही. सूर धरण्याच्या आधी घ्या, शेजाऱ्याशी ठरवून. तिसरी, उतरताना पायरी मोठी पडणं. या पानावर जवळजवळ प्रत्येक हालचाल खाली जाणारी आहे, त्यामुळे कालची सगळी घसरण इथे एकवटते. यावर उत्तम सराव: फक्त ताण धरणाऱ्या दोन ओळी गायच्या, बाकीच्या गप्प, आणि प्रत्येक उकलीवर थांबून सूर तपासायचा. कंटाळवाणं आहे, अर्धा तास लागतो, आणि त्याशिवाय हे पान लागत नाही.

अडीच वाजता पूर्ण मिस्सा, न थांबता, वर्तुळात तोंडं आत करून. श्रोते बोलावू नयेत. कुणी ऐकायला बसलं की लगेच वर्तुळ उघडतं, अर्धे बाहेरच्या दिशेला गाऊ लागतात आणि दोन दिवसांत कमावलेलं ऐकणं सुटतं. ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ लांब आहेत, शब्द पुष्कळ. तिथे वेग किंचित पुढे ठेवला नाही तर ‘आन्युस’ला पोहोचेपर्यंत श्वास उरत नाही. भागांच्या मध्ये दहा सेकंद शांत राहायचं आणि फोर्क फक्त मार्गदर्शकाने कानाशी धरायचा. घसरण पाव स्वराच्या आत असेल तर मुकाट्याने नव्या सुरावरून पुढे जायचं. मूळ पट्टीवर झटक्याने परत नेलं तर सगळ्यांचे कान गडबडतात.

रविवारच्या गाड्या विरळ असतात आणि कुणाला तरी तीनलाच निघावं लागतं. म्हणून बर्डच्या तीन आवाजांच्या मिस्सेच्या प्रती जवळ ठेवाव्यात. ती उरलेल्यांपैकी कुठल्याही तिघांना पुरते, पट्टी हवी तशी वरखाली करता येते, आणि आल्टोची अडचणही टेनर घेऊन सुटते. पाच आवाजांची मिस्सा मात्र आयत्या वेळी काढू नका. तिला दोन टेनर लागतात, आणि दोन चांगले टेनर एकाच वेळी हाताशी असणं ही कुठल्याही देशातल्या गायनवृंदाची सर्वांत जुनी अडचण आहे.